१,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांचे ज्येष्ठमूळ

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास ही दहा अंकी विषम संख्या गणिताच्या इतिहासात एका प्रश्नाचे उत्तर म्हणून ओळखली जाते. कोणत्या संख्येचा वर्ग ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल, असा तो प्रश्न आहे. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४) तो आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या ‘बीजगणित’ या भागात घातला आणि सोडवूनही दाखवला. ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण झाला. उत्तरात दोन संख्या आहेत. ज्या संख्येचा वर्ग ६१ ने गुणायचा ती २२,६१,५३,९८०, आणि शेवटी ज्या संख्येचा वर्ग मिळतो ती १,७६,६३,१९,०४९. पहिलीला भास्कराचार्य कनिष्ठमूळ म्हणतात, दुसरीला ज्येष्ठमूळ. (कनिष्ठाच्या लेखनात ‘एकसष्ट लाख’ येतात, हा मात्र निव्वळ योगायोग.)

या प्रकारच्या प्रश्नांचे जुने नाव ‘वर्गप्रकृती’. त्यात ६१ ही ‘प्रकृती’ आणि मिळवलेला १ हा ‘क्षेप’. कनिष्ठ शून्य आणि ज्येष्ठ एक ही क्षुल्लक जोडी बाजूला ठेवली, तर ६१ साठी वरील जोडीहून लहान पूर्णांकी उत्तर अस्तित्वातच नाही. लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज अशी स्थानांची नावे दिली आहेत. आपली संख्या त्यांतील नेमक्या दहाव्या स्थानापर्यंत, अब्जापर्यंत, पोहोचते.

प्रश्न किती अवघड आहे, हे शेजारच्या संख्यांशी तुलना केल्यावर कळते. निपाणीच्या एखाद्या शेतकऱ्याने तंबाखूची रोपे लावायला घेतली आहेत, असे समजा. त्याच्याकडे ६० सारखे चौरस वाफे आहेत आणि प्रत्येकात जितक्या ओळी तितकीच प्रत्येक ओळीत रोपे आहेत. आणखी एक रोप मिळवून सगळ्या रोपांचा एकच मोठा चौरस लावायचा आहे. वाफ्यात चार ओळी आणि ओळीत चार रोपे असली की काम झाले: साठ वाफ्यांची ९६० रोपे, वर एक, म्हणजे ९६१, ३१ ओळी, प्रत्येकीत ३१ रोपे. वाफे ६२ असतील तर ओळीत आठ रोपे पुरतात: ३,९६८ आणि एक मिळून ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. वाफे ६१ केले की मात्र एका वाफ्याच्या एका ओळीत २२,६१,५३,९८० रोपे लावावी लागतात. दोन रोपांत केवळ फूटभर अंतर धरले, तरी ही एक ओळ सुमारे ६९ हजार किलोमीटर लांब होईल, म्हणजे पृथ्वीला दीड वेढ्याहून अधिक. निपाणीतच काय, साऱ्या पृथ्वीवर हा वाफा मावत नाही.

शंभराच्या आतील कोणत्याही प्रकृतीला इतके मोठे किमान उत्तर लागत नाही. भास्कराचार्यांनी याच प्रकरणात ६७ चेही उदाहरण दिले आहे. त्याचे उत्तर कनिष्ठ ५,९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२ असे माफक आहे. त्याच्या जोडीला शंभराच्या आतील सर्वांत हट्टी संख्या ठेवणे ही अंदाजाने केलेली निवड वाटत नाही.

चार पायऱ्यांचा रस्ता

संख्येचा आकार पाहून दबून जाण्याचे कारण नाही. संपूर्ण रस्ता चार ओळींत मांडता येतो:

८² = ६१ × १² + ३
३९² = ६१ × ५² − ४
२९,७१८² = ६१ × ३,८०५² − १
१,७६,६३,१९,०४९² = ६१ × २२,६१,५३,९८०² + १

पहिल्या ओळीत काही विशेष नाही. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, फरक ३. हवा असलेला क्षेप १ आहे आणि हाती ३ आला आहे. येथून ‘चक्रवाल’ सुरू होते. चक्रवाल म्हणजे वर्तुळ. एकाच कृतीच्या फेऱ्यांनी क्षेप बदलत नेत तो एकावर आणायचा, म्हणून हे नाव. फेरी अशी: अशी एक संख्या शोधायची की तिला कनिष्ठाने (येथे १) गुणून ज्येष्ठ (येथे ८) मिळवले असता बेरजेला क्षेपाने (येथे ३) निःशेष भाग जावा. १, ४, ७, १० या सर्व संख्या चालतात. त्यांतील जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ, ती घ्यायची. ७ चा वर्ग ४९, फरक १२, १० चा वर्ग १००, फरक ३९, तेव्हा ७. आता ७ आणि ८ मिळून १५, त्याला ३ ने भागून ५ हे नवे कनिष्ठ. ४९ मधून ६१ वजा करून आलेल्या उणे १२ ला ३ ने भागले की उणे ४ हा नवा क्षेप. ६१ गुणिले २५ म्हणजे १,५२५, त्यातून ४ गेले की १,५२१, आणि तो ३९ चा वर्ग. दुसरी ओळ तयार झाली. शाळकरी मुलालाही ही फेरी वहीच्या एका पानावर करता येते.

क्षेप उणे ४ आला की आणखी फेऱ्या मारण्याची गरज उरत नाही. येथे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ उपयोगी पडते. भावना म्हणजे दोन ओळी एकमेकींत मिसळून तिसरी ओळ काढण्याची कृती. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांचा ६१ पट गुणाकार मिळवायचा, हे नवे ज्येष्ठ. एकीचे ज्येष्ठ गुणिले दुसरीचे कनिष्ठ, अशा दोन तिरप्या गुणाकारांची बेरीज हे नवे कनिष्ठ. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. ब्रह्मगुप्ताने ही रीत इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिली आणि तिच्या आधारे ९२ या प्रकृतीसाठी १२० व १,१५१ हे उत्तर काढले. माझ्या मते या विषयातील सर्वांत मूलभूत कल्पना हीच आहे. चक्रवाल हा तिच्यावर उभारलेला मजला.

दुसऱ्या ओळीतील दोन्ही मुळांची अर्धी करायची: साडेएकोणीस आणि अडीच, क्षेप उणे १. ही ओळ स्वतःशीच मिसळली की ज्येष्ठ १,५२३ चे अर्धे, कनिष्ठ १९५ चे अर्धे आणि क्षेप अधिक १ मिळतो. उत्तर खरे आहे, पण अपूर्णांकात आहे. त्यात मूळची अर्धी ओळ पुन्हा मिसळली की अपूर्णांक गळून पडतात आणि २९,७१८ व ३,८०५ येतात, क्षेप पुन्हा उणे १. ही तिसरी ओळ. तिला स्वतःशी मिसळले की उणे एक गुणिले उणे एक, क्षेप अधिक १, आणि आपली दहा अंकी संख्या समोर उभी राहते. आज महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या वितत अपूर्णांकांच्या साध्या रीतीने याच ठिकाणी यायला बावीस पायऱ्या लागतात, कारण ६१ च्या वर्गमुळाच्या वितत अपूर्णांकाचे आवर्तन अकरा पदांचे, म्हणजे विषम आहे आणि ते दोनदा फिरावे लागते.

चक्रवाल ही भास्कराचार्यांची स्वतःची निर्मिती नव्हे, हे येथे नोंदवले पाहिजे. जयदेव नावाच्या त्यांच्या पूर्वीच्या गणितज्ञाची या पद्धतीवरील पद्ये उदयदिवाकराने १०७३ मधील आपल्या टीकेत उद्धृत केली आहेत. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ती प्रकाशात आणली. फेऱ्या मारत राहिल्यास क्षेप नेहमी एकावर येतोच, याची सिद्धताही भास्कराचार्यांनी दिलेली नाही. त्यांचे श्रेय पद्धत स्वच्छ मांडण्याचे, आणि तिची ताकद दाखवणारे उदाहरण निवडण्याचे.

संख्येची अंगे

एखादी मोठी संख्या हाती आली की तिचे अवयव पाहावेत. एकेका आडाने अंक मिळवून पाहा: एकम स्थानापासून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक घेतले तर ९, ०, १, ६, ७, बेरीज २३, उरलेले ४, ९, ३, ६, १, बेरीज पुन्हा २३. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून संख्येला ११ ने भाग जातो. पूर्ण अवयव असे:

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १,५२३ × १,७८७

चारही मूळ संख्या आहेत. त्यांतील १,५२३ ओळखीची वाटली असेल. अर्ध्या ओळी मिसळताना मधल्या टप्प्यावर जिचे अर्धे आले होते, तीच ही. हे आपोआप घडलेले नाही. शेवटचे ज्येष्ठ म्हणजे त्या मधल्या ओळीचीच तीन वेळा केलेली भावना असते. मधले ज्येष्ठ घेऊन त्याच्या घनाच्या चौपटीतून त्याची तिप्पट वजा केली की आपली संख्या येते, म्हणून तिच्यात १,५२३ हा अवयव असणे अटळ आहे. कनिष्ठाचे अवयव अगदी वेगळे आहेत: ४, ९, ५, १३, १२७ आणि ७६१ यांचा गुणाकार २२,६१,५३,९८० होतो. दोघांत एकही सामाईक अवयव नाही आणि असू शकत नाही. असता तर त्याने १ लाही भाग गेला असता.

मला या संख्येपेक्षा तिचे दोन शेजारी अधिक बोलके वाटतात. तिच्या आधीची संख्या १,७६,६३,१९,०४८ ही २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. तिच्या नंतरची १,७६,६३,१९,०५० ही ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ ची दुप्पट गुणिले एक वर्ग. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार केला की मधल्या संख्येच्या वर्गाहून एक कमी मिळतो. आणि दोन गुणिले वर्ग, गुणिले १२२ गुणिले वर्ग, म्हणजे ६१ गुणिले एक पूर्ण वर्ग. भास्कराचार्यांचे विधान एवढ्यातच सिद्ध झाले. ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने हाच मार्ग धरावा. संख्येचा थेट वर्ग एकोणीस अंकी येतो. साध्या गणकयंत्रात तो मावत नाही, आणि संगणकावरील एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये भरते, त्यामुळे शेवटचा तो महत्त्वाचा एक तेथे दिसतच नाही. २९,७१८ आणि ३,८०५ यांचे वर्ग मात्र हाताने करता येतात: ८८,३१,५९,५२४ आणि १,४४,७८,०२५. दुसऱ्याला ६१ ने गुणले की ८८,३१,५९,५२५. दोन लागोपाठच्या संख्या आल्या, आणि त्यांची बेरीज १,७६,६३,१९,०४९.

ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले की ६१ चे वर्गमूळ मिळते, ७.८१०२४९६७५९०६६५४३९, दशांशचिन्हानंतर सतरा घरांपर्यंत अचूक. आणि उत्तरांची मालिका येथे थांबत नाही. हीच ओळ स्वतःशी मिसळली की पुढचे ज्येष्ठ एकोणीस अंकी येते, आणि पुढे अनंत.

मराठी वाचकाला संख्येचे कौतुक म्हटले की देवळालीचे द. रा. कापरेकर आणि त्यांची ६१७४ आठवते. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की शेवटी ६१७४ येऊन थांबते. तो खेळ देखणा आहे, पण तो दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांचा आहे. पाया बदलला की तो तसाच राहत नाही. १,७६,६३,१९,०४९ आणि ६१ यांचे नाते अंकलेखनावर अवलंबून नाही. बेळगावात मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांतले आकडे वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर लिहिली तरी या संख्येचा वर्ग ६१ च्या त्या पटीहून एकनेच अधिक राहतो. वर दाखवलेली अकराची कसोटी तेवढी दशमान लेखनाची सोय.

फर्मा, आणि भलत्याच्या नावाचे समीकरण

पाचशे वर्षांनंतर, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या प्येर द फर्मा यांनी हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला, आणि फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात नमुन्यादाखल ज्या दोन संख्या दिल्या त्या ६१ आणि १०९. फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या देत आहोत, असा त्यांचा आव होता. १०९ चे ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. भास्कराचार्यांचे बीजगणित त्यापूर्वी शाहजहानच्या काळात फारसीत गेले होते, पण फर्मांना त्याची वार्ता होती असे मानण्यास काहीही आधार नाही. दोघे एकाच संख्येपाशी पोहोचले, कारण अडचण त्या संख्येतच आहे.

इंग्लंडचे लॉर्ड ब्रौंकर आणि जॉन वॉलिस यांनी आव्हान पेलले. ऑयलर यांनी गैरसमजाने श्रेय जॉन पेल यांना दिले, आणि पेल यांचा या उकलीशी संबंध नसताना ‘पेलचे समीकरण’ हे नाव जगभर रूढ झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांतही तेच आहे. उत्तर नेहमी असतेच, ही सिद्धता लाग्रांज यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये निघाल्यावर युरोपला भास्कराचार्यांचे काम कळले. जर्मन इतिहासकार हांकेल यांनी चक्रवालाला लाग्रांजपूर्व संख्याशास्त्रातील सर्वोत्तम कामगिरी ठरवले.

कोणत्या गावचे?

घाट चढून बेळगावला जाणाऱ्याला सीमेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तेथील मराठी माणसाला ८६५ ही गावांची संख्या तोंडपाठ असते. (तीही गणिताच्या दृष्टीने अगदीच सामान्य नाही: ९ व २८ यांच्या वर्गांची बेरीज ८६५ आणि १७ व २४ यांच्या वर्गांची बेरीजही ८६५.) भास्कराचार्यांच्या गावाचा वाद याच सीमेवरून दोन्हीकडे ओढला जातो. त्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असे सांगितले आहे. कर्नाटकात, आणि पुष्कळ इंग्रजी कोशांतही, नावाच्या साम्यावरून ते विजापूर, म्हणजे आजचे विजयपूर, मानले जाते. महाराष्ट्रात ते खानदेशाच्या बाजूला शोधतात.

नावाचे साम्य हा दुबळा पुरावा आहे, आणि विजयपूर सह्याद्रीपासून फार दूर, पठाराच्या मध्यावर आहे. बेळगाव किंवा निपाणी यांना सह्याद्रीचा आश्रय सांगता येईल, विजयपूरला सांगता येत नाही. उलट बाजूचा पुरावा शिलालेखाचा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे भवानीच्या देवळातील लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे: भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवणारे पूर्वज, पुढे वडील महेश्वर, स्वतः भास्कर, यादव राजा जैत्रपालाने सन्मानाने नेलेले पुत्र लक्ष्मीधर, आणि सिंघण यादवाच्या दरबारातील मुख्य ज्योतिषी नातू चांगदेव. हा लेख अभ्यासकांपुढे आणला तो गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखाने जन्मगाव सिद्ध होत नाही, कारण त्यात विज्जडविड पाटण्याजवळ असल्याचे म्हटलेले नाही. घराणे तेथे नांदत होते आणि त्यांची विद्या तेथे चालू होती, एवढे मात्र निःसंशय.

त्या काळी आजची सीमा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पाटण्याचा लेख १२०७ चा. तीनच वर्षे आधी, १२०४ मध्ये, बेळगावात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकिर्दीत बीचण मंत्र्याने किल्ल्यातील कमल बस्ती उभारली होती. पुढे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात रट्टांचे राज्य सिंघण यादवाने जिंकले. म्हणजे ज्या राजाचे पंचांग भास्कराचार्यांचा नातू पाहत होता, त्याचीच सत्ता काही काळ पाटण्यावरही होती आणि बेळगावावरही.

चांगदेवाने पाटण्यात मठ स्थापला तो आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून, सिद्धान्तशिरोमणी त्यांत पहिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत: पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न यापुढे मठाला द्यायचे.